वळणावरची खडी

वस्ताद, लिहायला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता माझ्या थोरल्याचेही पांढरे झाले. शाळा अर्ध्यावर सुटली तेव्हापासून हात कागदावर टिकत नाही. दोन ओळी झाल्या की उठतो, दाराशी जाऊन येतो. पण आज विचारायलाच हवं. तालमीच्या पोरांना यंदाच्या गणपतीत तुमची छोटी आगगाडी पुन्हा चालवायची आहे. गाडी ठीक आहे, पण वळणावरचे पत्र्याचे रूळ गंजून फुगलेत. ते बदलायचे तर तुम्ही हातानं बसवलेली खडी खरवडावी लागेल. ती खरवडू का नको?

मंगळवार पेठेतलं तुमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान डोळ्यापुढं येतं. गावात मोठ्या रुळांची, ब्रॉडगेजची गाडी नुकतीच आली होती, म्हणून देखाव्यात गाडीच हवी असं तुम्ही ठरवलंत. इंजिनाच्या पोटात भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग, रुळांखाली फळांच्या पेटीच्या लाकडाचे स्लीपर. खडीसाठी मी पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांकडून काळ्या दगडाची कपची आणली, ती चाळताना बायकोची रव्याची चाळण खराब केली. खळ लावलेल्या फळीवर मी घाईनं मूठभर ओतली आणि तुम्ही ओरडलात, "अरं लेका, मढं पुरतूस व्हय? स्लीपरची डोकी दिसाय पाहिजेत की!" मग तुम्ही चमच्यानं थोडी थोडी घालता, दात घासायच्या जुन्या ब्रशनं सारखी करता, रुळाला चिकटलेला खडा चिमट्यानं उचलता. मी शेजारी श्वास धरून बसतो.

त्या खळीत तुम्ही गूळ कालवला होता. मी म्हणालो होतो, "वस्ताद, मुंग्या येतील."

"येऊ देत की. एवढी माणसं दर्शनाला येत्यात, मुंगीनं काय घोडं मारलंय?"

जुन्या भिंतींच्या चुन्यात गूळ असतो, मग खडीला का नको, हे तुमचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव माणसांनी भरलेला, आणि वळणावर मुंग्यांची काळी पट्टी. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. तालमीचे अध्यक्ष ओरडले, "वस्ताद, गाडी का थांबली वो?" तुम्ही खुर्चीतून न उठता म्हणालात, "क्रॉसिंग हाय. समोरनं मुंग्यांची येतीया." सगळा मांडव हसला. सकाळी तुम्ही ती खडी पार खरवडून काढलीत आणि मुंग्या लागू नयेत म्हणून डिंकात मोरचूद घालून नव्यानं बसवलीत. मी हळहळलो, तर म्हणालात, "दगडच हाय, मर्दा."

ते आठवून मी स्वतःला समजावतो. पण तेव्हा खरवडणारे तुम्ही होता आणि पुन्हा बसवणारेही तुम्हीच. माझा हात आता थरथरतो. दुकान मोडलं, घड्याळं गेली, तुमच्या मागं घरच्या चाचींनी ही फळी तेवढी माझ्या हवाली केली. तुमच्या हातचं आता एवढंच उरलं आहे. पोरं रोज येतात. "आजोबा, झालं का? का आमी करू?" मी दार लोटून घेतो आणि पुन्हा फळीपुढंच येऊन बसतो. जेवण गोड लागत नाही. सून म्हणते, "मामंजी, दगडाला किती जपायचं?" तिला काय सांगू?

एक सांगायचं टाळत होतो. काल दुपारी घरात कोणी नव्हतं, तेव्हा वीतभर खडी मी काढून बघितली. वाटलं होतं, घट्ट बसली असेल, मग पोरांना हात जोडून नाही म्हणता येईल. नुसतं ओलं फडकं ठेवलं आणि ती सुटून आली. आता ती ताटलीत पडून आहे, आणि गणपती जवळ आले. उरलेली काढू, का काढलेली परत बसवू? या कागदावर पत्ता काय घालायचा ते मला ठाऊक नाही. पण वस्ताद, कसंही करून लवकर कळवा.