सह्यांवरची कोरी जागा

प्रिय समीक्षा,

फोन न करता विठू कंडक्टरच्या हाती हे पत्र देतोय, रागावू नकोस. आई आत पेज ढवळतेय. तिला वाटतंय मी नळाचा अर्ज लिहितोय. वाटू दे.

तुमच्या कार्यालयाचा डंप धोरणाचा मसुदा वाचला. खाणवाल्यांनी टाकून दिलेल्या मातीच्या डोंगरांवर इतकं सुबक लिहिता येतं, मला ठाऊकच नव्हतं गो. गेल्या चवथीला पातोळ्या खाता खाता तू मला शिकवलं होतंस: एकीकडे प्रश्न पडून असतो, दुसरीकडे कुणाच्या तरी खिशात उपाय तयार असतो, तिसरीकडे राजकारणाचं वारं. तिन्ही एका वेळी जुळली की वर्षानुवर्षं अडलेलं धोरण महिन्यात पार पडतं. वर चिडवलंसही, की सरकार नुसता कागद काढतं, खरं धोरण तुमच्यासारखा पंचायतीच्या टेबलावरचा कारकूनच बनवतो, असं म्हणणारे विद्वानही आहेत. केवढा फुगलो होतो मी! आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मसुद्यात म्हटलंय, ग्रामसभेची संमती असेल तिथलेच डंप हलवायचे. मसुद्याच्या मागे जोडलेल्या यादीत आपलं गाव आहे. जानेवारीचा ठराव, एकसष्ट सह्या, पहिली सही तुझ्या आईची. बाय, असा ठराव झालाच नाही. ग्रामसभेच्या त्या रविवारी नळाच्या पाण्यावरून भांडण झालं आणि सभा संपली. आपल्याकडची रीत तू जाणतेस. उशीर झाला तर बाजारात चांगली मासळी उरत नाही, म्हणून लोक येतात, पानाच्या खालच्या अंगाला सह्या ठोकतात आणि पिशव्या घेऊन पळतात. वरची जागा मी कोरी सोडायचो, ठराव मागाहून टिपणावरून लिहायचो. एकतीस वर्षं असंच चाललं, कुणाचं काही बिघडलं नाही. मार्चअखेर निवृत्त झालो तेव्हा ते एक पान लिहायचं राहिलं होतं. तसंच सभेचं पुस्तक सोपवलं, गळ्यात हार घालून घेतला आणि घरी आलो. मूर्ख म्हातारा! त्या जागेत दुसऱ्या कुणीतरी डंपला संमती लिहून टाकली.

मसुदा अजून मंजूर नाही, पण गौरेशची यंत्रं कामाला लागलीसुद्धा. गौरेश म्हणजे सरपंचाचा भाचा. काम त्यालाच मिळणार हे गावाला कधीपासून माहीत आहे. डंपचा पायथा कोरतायत, वरचं तसंच ठेवून. खाली आपली बारा घरं. शेजारच्या पद्मावतीकाकीच्या मागच्या भिंतीला चीर गेलीय. शनिवारी तिने त्यात चिंधी घट्ट कोंबली होती, सोमवारी ती आपोआप गळून पडली. विहिरीचं पाणी लाल येतं. काकी मला विचारते, कृष्णनाथा, मी सही केली ती कशावर रे?

सरपंचांकडे जाऊन सगळं कबूल केलं. पान माझ्या चुकीने कोरं राहिलं, ठराव रद्द करा म्हटलं. त्यांनी चहा पाजला, मान हलवली. दुसऱ्या सकाळी गौरेश गरम पाव घेऊन आला, आईच्या पाया पडला. समीक्षाबाय शहरात अजून देवळामागच्याच खोलीत राहते ना, संध्याकाळी साडेसहाला एकटीच चालत जाते ना, असं हसत हसत विचारत होता. आईला त्याचं केवढं कौतुक वाटलं. मी मात्र भ्यालो गो. तीन आठवडे तोंड शिवून बसलो. मसुद्यावर तुझं नाव आहे, तुझं पहिलं मोठं काम, हेही होतंच.

आज सकाळी काकीच्या परसातली जमीन वीतभर खचली. मी डिचोलीला तालुक्याच्या कचेरीत गेलो, कोऱ्या पानाचं सगळं लिहून प्रतिज्ञापत्र केलं, आणि तुमच्या कार्यालयात हरकत दाखल होईल अशी व्यवस्था करून आलो. उद्या ती तुझ्या टेबलावर येईल. तुझ्या धोरणावरची पहिली हरकत तुझ्या बापाची आहे. ती खाली दडपू नकोस, मला वाचवायला तर मुळीच नको. उद्या गौरेशलाही कळेल, म्हणून आजच ती खोली सोड आणि कुठे जातेस ते मलाही सांगू नकोस. फोन केला असता तर तू मला अडवलं असतंस, आणि मी अडलो असतो.

तुझाच,
बाबा