आडून घेतलेलं नाव

आई, आज ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पूर्वी म्हणे तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये विमान लपवलेलं असायचं. खरं का?" मी हो म्हटलं, आणि खराडीच्या त्या गार हॉलमधून थेट विश्रांतवाडीच्या कॉम्प्युटर क्लासात तुझ्या शेजारी येऊन बसले.

बाबा गेले आणि त्यांच्या ऑफिसात तुला अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली. संगणकाची परीक्षा दिल्याशिवाय ती पक्की होणार नव्हती, आणि तू तर माऊसला हात लावायलाही घाबरायचीस. "बिघडलं तर भरून कोण देणार?" तुझी भीती मोडावी म्हणून मी विमान काढलं. ठरावीक ओळीवर जाऊन दोन-तीन कळा एकदम दाबल्या की तक्ता नाहीसा होतो आणि आपण डोंगरांवरून उडायला लागतो. तू म्हणतेस, "विमानतळ आपल्याला जवळच आहे. तू मला पगारपत्रक शिकव." पण माऊस तूच ओढून घेतेस. डोंगराला धडकता धडकता वाचतेस आणि खळखळून हसतेस. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी.

मग पडद्यावरच्या डोंगरांत एक शिळा आली आणि तिच्यावर नावं सरकू लागली. कुणाची, तू विचारलंस.

"ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांची. गुपचूप घालून ठेवलीयत."

"म्हणजे उखाणाच की गं. नाव आडून घ्यायचं." पडद्यावरची नजर न काढता तू पुढे बोललीस, "लग्नात मी घेतला. ह्यांची पाळी आली तर लाजून उठूनच गेले. पुढे जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं राहूनच गेलं बघ."

मी पगारपत्रक उघडलं.

परीक्षा तू पास झालीस, नोकरी पक्की झाली, निवृत्तही झालीस. ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाहीस. तू गेलीस तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या ऑफिसातल्या रजेच्या अर्जाचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. त्यात तीन कळा एकदम दाबल्या की पडद्यावर बाबा उखाणा घेतात. कुणाला सापडलं तर मला चांगलीच बोलणी बसतील. पण शेवटच्या ओळीत तुझं नाव येतं, पूर्ण. यमक मात्र नीट जुळलेलं नाही. बाबांना तरी कुठे जुळवता आलं असतं?