छोटीची दुरुस्तीची गल्ली

॥ श्री ॥

अहो,

आधी नमस्कार घ्या, मग माझा राग वाचा. मी बरी आहे. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?

छोटीच्या शाळेत मुलांना पन्नास वर्षांनंतरची पृथ्वी काढायला सांगितली होती. आपल्या नातीने एक गल्ली काढली. एका दुकानात पंखा दुरुस्त होतोय, दुसऱ्यात चपला, आणि कचऱ्याचा ढीग कुठेच नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, “बाळ, स्वप्न जरा मोठं बघावं.” बक्षीस मिळालं मंगळावरच्या शहराला. घर झाडायचा कंटाळा, म्हणून निघाले दुसरं घर बघायला. देवाने पृथ्वी दिली ती काय वापरून फेकायला?

आपले चिरंजीव हसले. म्हणाले, “आई, शोभते हो तुझी नात.” मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

छोटीने चित्र चुरगळून टाकलं आणि रंगांना हात लावेना. मी ते इस्त्री करून भिंतीवर लावलंय. शनिवारी तिच्या वर्गातली पोरं मोडक्या वस्तू दुरुस्तीला घेऊन येणार आहेत, म्हणून माझं परतणं लांबलं. आपल्या या दुकानाला पाटी हवी, एवढंच तिला म्हटलं. आत्ताच तिने ब्रश धुऊन आणलाय.

तुमची काडी मोडलेली छत्री टाकू नका, येणाऱ्याबरोबर इकडे पाठवा. नवी घेतली असेल, तर मुकाट्याने परत करा.

अजून तापलेली,
तुमचीच