पोरीच्या बापाची वायर

दर्यापूर,
मंगळवार

श्री. देवराव इवाई यांना खुशालरावाचा रामराम. तुम्ही, विहीणबाई आणि तुमची सून म्हणजे आमची लेक अपेक्षा, सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. (तुम्ही तर असणारच. तुमचं हृदय साठ टक्के पंपिंग करतं, हे तुम्ही आमच्या अख्ख्या शिवाराला सांगून गेला आहात.) इकडे तुमच्या विहीणबाई पार्वताबाई मजेत, कपाशी बरी, मी जिवंत. आता फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. रोडग्यांच्या दिवसापासून तुमच्याशी फोनवर बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि खुशालरावाचा शब्द म्हणजे शब्द. पत्राबद्दल त्या दिवशी काही ठरलं नव्हतं.

तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. आमच्या वावरात पंगतीसाठी गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले जात होते आणि तुम्ही, दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलेला माणूस, विहिरीवरून भरलेली कळशी खांद्यावर घेऊन पंगतीपर्यंत आलात. मी बाभळीखाली धापा टाकत बसलो होतो. (वांग्याची भाजी जास्त झाली होती, असं पार्वताबाईचं मत. त्याला डॉक्टरी आधार नाही.) तुम्ही चारचौघांत विचारलंत, "काहून इवाई, डबी बंद पडली का?" लोक हसले. डबी तर माझ्याही छातीत आहे, तुमच्या सहा वर्षं आधीपासून! मग तुम्ही कळशी उचलता आणि मला बांधापर्यंत जाववत नाही, हे कसं? तेवढ्यात तुमचा गोपाल, आमचे जावईबापू, भोळेपणानं म्हणाले, "मामाजी, डबी सारखीच हाय. बाबाची वायर नव्या पद्धतीनं लावली ना!"

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोपालचं अकोल्यात औषधांचं दुकान, डॉक्टरांच्या ओळखी त्याच्या, दोन्ही ऑपरेशनं त्यानंच जुळवलेली. म्हणजे पोराच्या बापाला नवी वायर आणि पोरीच्या बापाला जुनी! लग्नात तुमच्या मामांचा फेटा राहिला तर तुम्ही मांडवात तासभर रुसून बसला होता. इथं तर माझ्या छातीतला मान गेला, आणि मी गप्प बसावं?

म्हणून मागच्या आठवड्यात घरी बियाणं बघायला जातो असं सांगून फाईल पिशवीत घातली आणि एकटाच अमरावतीची बस धरली. तिथं छातीला थंडगार जेली लावून एका पोरीनं पडद्यावर माझं हृदय दाखवलं. पंपिंग अडतीस टक्के निघालं. (मॅट्रिकलाही मला एवढेच होते, पण तेव्हा दम लागत नव्हता.) मग डॉक्टर रागिणी मॅडमसमोर बसलो आणि सरळ विचारलं, पोरीच्या बापाले जुनी वायर लावाची, हा कोन्ता न्याय?

बाई हसल्या नाहीत. पाणी दिलं आणि म्हणाल्या, काका, बैलजोडी हाकली आहे का कधी? चाळीस वर्षं, मी म्हटलं. मग त्यांनी सांगितलं ते मला एका दमात कळलं. डबी ठोका देते हे खरं, पण तो कुठून देते याला किंमत आहे. माझी वायर हृदयाच्या उजव्या कप्प्यात खाली टेकलेली. म्हणजे दर वेळी उजव्या बैलाला पराणी टोचायची. तो निघतो, डावा मागाहून फरपटतो. कित्येकांचं हृदय अशानंही जन्मभर नीट चालतं, पण माझं आठ वर्षं वाकडं ओढून थकलं. तुमची वायर हृदयाच्या मधल्या पडद्यात, ठोका नेणाऱ्या मूळच्या वाटेवरच बसवली आहे. धुरकऱ्यानं हाळी दिली की दोन्ही बैल बरोबर उठतात, तसं. आठ वर्षांपूर्वी ही रीत आपल्याकडे कोणी करत नव्हतं, त्यामुळे तुमच्या गोपालची काही चूक नाही, असं मी जाहीर करतो.

डबीची बॅटरीही संपत आली आहे. पुढच्या आठवड्यात गुरुवारी डबी बदलतील आणि त्याच वेळी नवी वायर त्या वाटेवर टाकतील. तिथं नाही जमली तर डावीकडून आणखी एक टाकून दोन्ही बाजूंना एकदम ठोका देतील. पंपिंग वाढायची चांगली आशा आहे, हमी नाही, असं मॅडम म्हणाल्या. मी अर्थातच अजिबात घाबरलेलो नाही. सर्वांना यथायोग्य सांगावे.

आपला,
खुशालराव

ता. क. – वरची अजिबात न घाबरल्याची ओळ पार्वताबाईला वाचून दाखवण्यासाठी लिहिली होती. ती आता स्वयंपाकघरात गेली आहे. देवराव, मी फार घाबरलो आहे. मॅडमना अजून पक्का होकार दिलेला नाही.

ता. क. दुसरा – गुरुवारी येताना आहेर, शाल, टोपी काही आणू नका. मानपान या खेपेपुरता बंद. (फेट्याचं मात्र मी विसरलेलो नाही.)

ता. क. तिसरा – खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो. मॅडमनी माझी जुनी फाईल उघडली. आठ वर्षांपूर्वी मी वावरात पडलो, तुम्ही माझं डोकं मांडीवर घेऊन जीपनं अमरावतीला नेलंत, हे मला लोकांनी सांगितलेलं. मी शुद्धीत नव्हतो. त्या दिवशीच्या ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर नातेवाईक म्हणून तुमची सही आहे. पुढे नात्याच्या रकान्यात तुमच्याच वेड्यावाकड्या अक्षरात 'भाऊ' लिहिलं आहे. हे तुम्ही कधी बोलला नाहीत. गुरुवारी पुन्हा तसाच कागद भरायचा आहे. सांगितलं तर गोपालही सही करेल, पण मी मॅडमना सांगून आलो आहे की माझा भाऊ अकोल्याला असतो, तो आला की मी आत येतो.