सोलापुरी चादर आणि देवीची चढण

११ सप्टेंबर १९५६, मंगळवार
आज सकाळी, कोणी बघत नाही अशी खात्री करून, सूर्याजीच्या मोटारीचं बॉनेट एका बोटानं उचलून पाहिलं. उचललं गेलं. बोट धुतलं, संध्येला बसलो. मंत्र दोनदा चुकला.
सूर्याजी शेजारी, आणि ऑफिसातही समोरच्याच टेबलावर. सरदारांचा मोटारखाना मोडला तेव्हा दोन सीटांच्या या जुळ्या विलायती स्पोर्ट्स गाड्या आम्ही एकेक घेतल्या. त्याची गाडी इथल्या टेकडीवरच्या मांढऱ्याच्या मातेची चढण चढते. माझी निम्म्यावर थांबते. पद्मा म्हणाली, दसऱ्याला देवीला मोटारीनंच जायचं. आपल्या, नाहीतर सूर्याजीभाऊजींच्या.
मत्सर माझ्या स्वभावात नाही. फक्त त्याचा हॉर्न वाजला की घास अडकतो.

१३ सप्टेंबर
निश्चय: दसऱ्याच्या आत गाडी हलकी करायची. त्याचं बॉनेट कशाचं आहे ते त्याला विचारायचं नाही. तरी तो कुंपणावरून म्हणालाच, भालचंद्रराव, आधी वरणावरचं तूप हलकं करा. स्वतः काडीसारखा आहे म्हणून बोलतो. पद्मा हसली. जरुरीपेक्षा जास्त.
दर मंगळवारी उपास.

१५ सप्टेंबर
दाल बाजार. दुकान किराण्याचं होतं, पण बाहेर पत्र्याचे डबे टांगलेले दिसले. स्पष्ट सांगितलं, सबसे हलका पत्रा दीजिए. त्यानं खिशात मावेल एवढं पंचांग दिलं. इथे पंचांगाला पत्रा म्हणतात! बावीस वर्षं मध्यभारतात राहतोय, कोणी सांगितलं नाही. आमच्या गावच्या शाळेत हिंदी नव्हतं, यात माझा काय दोष?
देवाचा संकेत समजून ठेवून घेतलं.

१७ सप्टेंबर
पडाव भागात दौलतसिंह मिस्त्रीकडे. सूर्याजीचं काम यानंच केलंय. म्हणाला, बाबूजी, हल्की चद्दर चढ़वाइए, हवाई जहाज़ वाली.
पूर्वी विमानांचे पंख कापडाचे असत, हे मी वाचलं आहे. म्हणजे सूर्याजी रंगवलेल्या चादरीवर मिशा पिळतो!
म्हटलं, चद्दर तो हमारे घर में है, पूरा कपाट. मिस्त्रीनं आदरानं स्वतःचं स्टूल पुढे केलं.

२५ सप्टेंबर, मंगळवार
पितृपक्ष. नवीन काम वर्ज्य. नाहीतर आजच केलं असतं.
ऑफिसात फायली बांधणं चालू. एक नोव्हेंबरला आमचा मध्यभारत संपणार, चार राज्यांचं एक होणार, राजधानी भोपाळ. एवढ्या वजनाचं राज्य चढण कशी चढणार, असं मनात आलं. भोपाळला बदली होणाऱ्यांच्या यादीत सूर्याजीचं नाव पहिलं. माझं शोधतोय.
उपास. साबुदाण्याची खिचडी, दोनदा.

५ ऑक्टोबर
घटस्थापना. पंचांगातला मुहूर्त साधला. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्ड काढून टाकली. बांबूच्या कामट्यांवर लग्नातल्या तीन सोलापुरी चादरी ताणल्या, वर मैद्याच्या खळीचे चार थर. वाळल्यावर ढोलकीसारखं वाजतं.
पद्माला सांगितलं, चादरी धोब्याकडे आहेत. हे असत्य नाही. कधीतरी जातीलच.

९ ऑक्टोबर, मंगळवार
हिरवा रंग दिला. बॉनेट अर्ध्या बोटानं उचललं जातं. सूर्याजी बघून घाईनं घरात गेला. असूया वाईट. त्याच्यासाठी देवीची प्रार्थना केली.
मग दौलतसिंह आला. टिचकी मारून म्हणाला, बाबूजी, ये कौन-सी चद्दर है? म्हटलं, सोलापुरी. तो पायरीवर बसला आणि त्यानं उलगडून सांगितलं, सूर्याजीची चद्दर अ‍ॅल्युमिनियमची आहे. इथे पंचांगाला पत्रा म्हणतात आणि पत्र्याला चद्दर. या गावात एकाही वस्तूला तिचं नाव नाही.
तरी हलकं ते हलकंच. बदल करणार नाही.
उपास. खिचडी, रताळ्याचा कीस, पेढे (प्रसादाचे, मोजत नाही).

१३ ऑक्टोबर
समोरच्या लीलाताईंच्या गाईनं डावं मडगार्ड खाल्लं. खळ मैद्याची. नवरात्रात गाईला हाकलणं मनाला पटेना. नमस्कार केला. तिनं उजवंही घेतलं. लीलाताई म्हणाल्या, भाग्यवान हो तुम्ही, गोग्रास दारात झाला. बॉनेटकडे वळली तेव्हा मात्र मी दुसरीकडे पाहिलं.
तिच्या तोंडातून लोंबणारी, आतून बिनरंगाची राहिलेली लाल किनार पद्मानं ओळखली. धोब्याचा विषय निघाला.
गाडी मात्र आता खरोखर हलकी झाली. ही देवीचीच योजना.

१४ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळ
पद्मा पैठणी नेसून शेजारी बसली. इंजिन उघडं, चाकं उघडी. उद्या काय ते बोलू, एवढंच म्हणाली. निघालो.
निम्म्यावर थांबली. नेहमीच्याच दगडापाशी.
मागून सूर्याजी आला. आपली गाडी कडेला लावून माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, भालचंद्रराव, काढण्याजोगा आता एकच पार्ट उरलाय.
मी खूप शोधला. बॉनेट नाही, मडगार्ड नाही. शेवटी पद्माच म्हणाली, अहो, तुम्ही.
बसल्या जागी विचार केला. देवीचं नाव घेतलं. दार उघडून उतरलो आणि माझ्या जागी सूर्याजीला बसवलं.
गाडी चढली. वरच्या वळणावर पद्माचा पदर दिसला, मग तोही दिसेना. मी नारळ आणि आपट्याची पानं घेऊन मागून चालत गेलो.
गाडी हलकी करण्याचं काम आज पुरं केलं.