मामाचा उजवा हात

५ जानेवारी
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. पुढे माझं चरित्र लिहायला कोणी बसलाच, तर त्याची गोष्ट वेगळी.

प्रोजेक्ट मिळाला. संगीतावरच्या मासिकाचा एक अख्खा अंक काढायचा. मुखपृष्ठ, आतली पानं, छपाई, आणि सोबत 'रिफ्लेक्शन', म्हणजे हे करताना आपण काय शिकलो त्यावर एक लेख. जोडीदार म्हणून टोपी मिळाली. ही वर्गातली मुलगी डोक्यावरची टोपी कधी काढत नाही, अगदी परीक्षेतसुद्धा. कष्टाळू आहे. मी संपादक, ती बाकीचं सगळं. कामाची वाटणी चहा संपायच्या आत झाली.

७ जानेवारी
रिफ्लेक्शन लिहून टाकलं! अंकाला अजून हात लावलेला नाही, पण शेवटी घाई नको. 'या प्रवासात मी अमुक चुकीतून शिकलो' असं एक झकास वाक्य जमलंय. चूक कोणती, तिथे तूर्त ठिपके दिलेत. बहुतेक टोपीचीच असेल.

११ जानेवारी
मासिकाचं नाव ठरलं: तारस्वर. अंगावर काटा आला. आईला सांगितलं, तर म्हणजे आरडाओरडा का, असं तिने विचारलं. घरच्यांना किंमत नसते.

आता नावाचा फॉन्ट. फॉन्टला व्यक्तिमत्त्व हवं, घाई करून चालणार नाही.

१६ जानेवारी, दुपार
अजून फॉन्टच. 'र' मनासारखा वळत नाही. दरम्यान टोपीने एक मुलाखत, दोन लेख आणि अनुक्रमणिका उरकली. तिचं बरं आहे, तिला नुसतं लिहायचंच असतं.

मुखपृष्ठासाठी एका नामवंत गायकाला मेल केली होती. उत्तर नाही. आई म्हणाली की मग मामाला का घेत नाहीस.

मामा थिएटरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवतो. ही मंडळी रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसतात. प्रेक्षकांना त्यांची टकलं दिसली तर दिसली. मामाचा जन्म त्या खड्ड्यात गेला. थिएटरच्या भिंतींवर एकूण एक खेळाचे फोटो आहेत, पण मामा एकातही नाही. एका फोटोत खाली कोपर आलंय, ते आपलं असल्याचं तो सांगतो. ४ फेब्रुवारीला त्याचा निरोपसमारंभ. आईचं म्हणणं असं की निदान जाताना तरी त्याचं तोंड लोकांना दिसू दे.

मी विचार करून सांगतो म्हणालो. संपादकाने लगेच हो म्हणायचं नसतं. मग लगेच फोन केला.  मामाने एवढंच विचारलं, शर्ट कुठला घालू?

२० जानेवारी
मामाच्या खोलीवर फोटो काढले. कॅमेरा टोपीचा, दिग्दर्शन माझं. मी मामाला सांगितलं की चेहऱ्यावर सुरात बुडाल्यासारखे भाव आण. तो म्हणाला, वाजवताना आपण मात्रा मोजत असतो, तेव्हा चेहरा हिशेबनिसासारखाच असतो. शेवटी त्याने खरंच वाजवायला घेतलं. मामाला एकट्याला वाजवताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी तो सगळ्यांच्या आवाजात मिसळलेला असतो. मला फार आवडलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तिथे धूळही होती.

निघताना मामाने एकच विनंती केली. उजवा हात नीट दिसू दे म्हणाला. बोटं नाचवणारा डावा हात लोकांना दिसतो, पण वाजवणं सगळं तारांवर गज ओढणाऱ्या हातात असतं, आणि त्याच्या गुरूंनी तो हात घासून घासून तयार केलाय. मी म्हटलं, मामा, निर्धास्त राहा, काम माझ्याकडे आहे.

२७ जानेवारी
संकट. मुखपृष्ठावर उजवीकडे वर माझं नाव आहे, 'संपादक' या शब्दासह, लाल रंगात. आणि मामाच्या व्हायोलिनची मान बरोबर त्याच्यावर! टोपी तापाने घरी. फोनवर म्हणाली की तुझं नाव डावीकडे घे. डावीकडे! तिथे महिना आणि अंक क्रमांक असतो. तिथे कोण बघतं?

संध्याकाळ
सुटलं! सॉफ्टवेअरमध्ये फोटो आडवा उलटवायचं बटण आहे. एकदा दाबलं, व्हायोलिन डावीकडे, नाव मोकळं. कधी कधी माझीच मला भीती वाटते.

२८ जानेवारी
आईने स्क्रीनवर पाहिलं. म्हणाली, दादा काहीतरी वेगळाच दिसतोय, भांग दुसरीकडे पाडलाय का? मी सांगितलं की लाइटिंगमुळे होतं. मग गालावरचा तीळ पण हललाय म्हणाली. त्याला लेन्सचा परिणाम म्हणतात, असं मी समजावलं. सख्खी बहीण असून तिला भावाचा चेहरा धड लक्षात नाही.

फाइल छापायला पाठवली. टोपी बरी होईपर्यंत थांबलो नाही. ती आली की स्वल्पविराम बघत बसते.

३ फेब्रुवारी
अंक छापून आला! वास घेतला. पुन्हा घेतला.

मामा स्वतः गठ्ठा न्यायला आला होता. चष्मा थिएटरात विसरला होता, तरी मुखपृष्ठ हात लांब करून पाहिलं, एवढा मोठा छापलास रे, म्हणाला, आणि शर्टाला हात पुसून मग ते कुरवाळलं. उद्या समारंभात ऑर्केस्ट्रात प्रत्येकाला एक देणार. गठ्ठा काखेत मारून गेला तो वळून बघितलंही नाही. आयुष्यात एक माणूस तरी सुखी केला.

४ फेब्रुवारी, सायंकाळ
टोपी आली. अंक हातात घेतला. मुखपृष्ठाकडे बघितलं. आणि टोपी काढली. मी तिचे केस पहिल्यांदा पाहिले.

म्हणाली की व्हायोलिन उजव्या खांद्यावर आहे. मी म्हणालो, मग? म्हणाली, गज डाव्या हातात आहे, तुझा मामा डावखुरा झालाय. मी म्हणालो की हे कलात्मक स्वातंत्र्य आहे आणि वाचकांपैकी कुत्र्यालाही कळणार नाही. तिने विचारलं, अंक कोणाकोणाला गेले?

ऑर्केस्ट्राला.

तिने टोपी घातली आणि नाकापर्यंत खाली ओढली.

५ फेब्रुवारी
आईकडून कळलं. समारंभात मामाने आधी सगळ्यांना अंक वाटले, मग चष्मा लावला. तोवर हशा सुरू झाला होता. बासरीवाला म्हणाला की तुम्ही निवृत्त होताय तेच बरं, असा गज चालवलात तर शेजाऱ्याचा डोळा जाईल. कोणीतरी 'डावरे साहेब' अशी हाक मारली. मामाही हसला. सगळ्यांबरोबर भरपूर हसला. घरी आला आणि न जेवता झोपला.

आई मला रागावली नाही. नुसतं सांगितलं आणि भांडी घासायला गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला वाईट वाटतंय. साधं वाईट नाही, पोटात खड्डा पडलाय. उद्या सकाळी सकाळी जाऊन मामाची माफी मागणार. काळ्या दगडावरची रेघ.

६ फेब्रुवारी
नाही गेलो. बूट ओले होते.

८ फेब्रुवारी
विचारांती असं ठरलं की रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा सुधारित मुखपृष्ठ घेऊन जावं. छापखान्यात गेलो. तिथे निवडणुकीची पत्रकं चालू आहेत, महिनाभर फुरसत नाही म्हणाले. म्हणजे आता दोष माझा राहिला नाही, व्यवस्थेचा झाला.

९ फेब्रुवारी
तरी खड्डा तिथेच आहे.

१२ फेब्रुवारी
प्रोजेक्ट सादर केला. टोपीच्या मुलाखतीचं मॅडमनी तोंडभरून कौतुक केलं. मग मुखपृष्ठाकडे बघून मला म्हणाल्या की रिफ्लेक्शन लेखात हवं होतं, मुखपृष्ठावर नको होतं. वर्ग हसत सुटला.

लेख त्यांनी मोठ्याने वाचला. 'या प्रवासात मी' आणि पुढे नुसते ठिपके. भरायचेच राहिले होते. मॅडमनी कागद परत दिला. भरून आण म्हणाल्या, पण खरं असेल तेच.

मी तो लेख महिनाभर आधी लिहिला होता, हे त्यांना सांगितलं नाही. परिपक्वता म्हणतात ती हीच.

१५ फेब्रुवारी
टोपीने मला अक्षरशः दंडाला धरून मामाकडे नेलं. वाटेत मी भाषण तयार केलं. सुरुवात डिजिटल छपाईच्या मर्यादांपासून होती.

मामाने दार उघडलं आणि भाषण कुठल्या कुठे गेलं. मामा, चुकलं माझं, एवढंच निघालं. माझं नाव झाकलं जात होतं म्हणून तुला उलटा केला, हेही सांगून टाकलं. माझा आवाज फाटला. तारस्वर म्हणतात तो हाच असावा.

मामा आत ये म्हणाला. खोलीत भिंतीवर ते मुखपृष्ठ फ्रेम करून लावलेलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाने मला पलंगावर बसवलं आणि तोंड धरून समोरच्या कपाटाकडे वळवलं. कपाटाला आरसा आहे. आरशात मुखपृष्ठावरचा मामा होता. गज उजव्या हातात. भांग जागेवर, तीळ जागेवर.

इथून बघायचं, म्हणाला. आता बरोबर दिसतं की नाही? सकाळी उठल्यावर समोर हेच दिसतं म्हणाला.

आम्ही तिघं पलंगावर बसून आरशात बघत राहिलो. हात खरोखर सुंदर आलाय. टोपीने फोटो चांगला काढला होता.

मग मामाने आरशाकडे बोट दाखवून विचारलं, ते वर डावीकडे कोपऱ्यात लाल लाल काय लिहिलंय रे? उलटं आहे, वाचता येत नाही.

मी म्हणालो, काही महत्त्वाचं नाही.