कडू महिन्यांची वारस

मी, रेहि पाती, सुंबा बेटावरच्या वाई लोंबो गावचा महिने सांगणारा पुजारी, पूर्ण शुद्धीवर आहे आणि कुणाच्या दडपणाखाली नाही. हे मृत्युपत्र मी शाळामास्तरांकडून लिहवून घेत आहे. मी महिन्याचं नाव घेतल्याशिवाय या गावात कुणी बी पेरत नाही. कोणता महिना चालू आहे हे मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. हे ठळक लिहायला मास्तरांना सांगितलं आहे.

१. पत्र्याचं घर मुलगा योहानिस याला. तो चर्चला जातो, जाऊ दे. मनाने सरळ आहे. चर्चचं भिंतीवरचं कॅलेंडरही त्यानेच न्यावं. त्यामागे भोक आहे, ते बुजवावं.

२. तांबडा घोडा मेहुणा राडू टोंगो याला. भाल्यांच्या खेळात मी त्याचे दोन दात पाडले, त्याची ही भरपाई नव्हे. त्याचा स्वतःचा घोडा बघवत नाही, म्हणून देतो.

३. महिने सांगण्याचा मान आणि पुजाऱ्याची सुपारीची पिशवी मुलगी म्बिरी हिला.

राडू इथेच बसला आहे. तो म्हणाला, "दाजी, बाईमाणसानं महिना सांगायचा? आसपासची गावं हसतील आपल्याला."

म्हणून कारणही लिहून ठेवतो. म्बिरीची आई कडू महिन्यांत गेली. हे महिने लागले की समुद्रातल्या अळ्या किनाऱ्याला येऊन नवं वर्ष लागेपर्यंत आमच्यात ढोल वाजत नाही आणि मेलेल्यासाठी रडताही येत नाही. राडू बहिणीसाठी टेकडीआड जाऊन रडून आला, ते मला ठाऊक आहे. म्बिरीने आईला न्हाऊ घातलं, आल्यागेल्याला भात वाढला, पण हुंदका बाहेर येऊ दिला नाही. अळ्या आल्या त्या पहाटे मात्र तिने किनाऱ्यावर असा टाहो फोडला की लोकांनी अळ्या गोळा करायच्या टोपल्या खाली ठेवल्या. हिचा बाप म्हणून मी तिथे ताठ मानेने उभा होतो.

मी राडूला म्हणालो, "महिना सांगणं सोपं असतं रे. पाळून दाखवला तो हिनं."



४. नर्सबाईंच्या बोलण्यावरून मी याच कडू महिन्यांत जाईन असं दिसतं. माझ्यासाठी महिना मागेपुढे करू नये. मला गुपचूप पुरावं, कुणी रडू नये. अळ्या आल्या की म्बिरीने पोटभर रडावं. मला ते ऐकायचं आहे.

साक्षीदार: मार्तिनुस, शाळामास्तर (सही).
राडू टोंगो (अंगठा). त्याने लिहायला लावलं: महिना विचारायला येईन, पण घोड्यावरून उतरणार नाही.

स्थळ: वाई लोंबो.

दिनांक: मास्तर सरकारी तारीख घालत होते. मी त्यांना थांबवलं आणि चुलीपाशी बसलेल्या म्बिरीला विचारलं, "पोरी, आज काय आहे?" ती अंगणात जाऊन आकाश बघून आली. "कडू महिन्यांतला शेवटचा, बा. चंद्र अर्धा भरलाय." तेच लिहिलं आहे.

रेहि पाती (अंगठा)